गेलेल्या माणसाचं जेवण

१

चिंतामणी पोतनीस जाऊन पंधरवडा उलटला होता, तरी रोज भर दुपारी त्यांचं जेवण कोणीतरी घेत होतं; आणि घेणाऱ्याचं नाव म्हणून ॲपवर चिंतामणी पोतनीस असंच येत होतं.

जयवंती दिघे यांनी चष्मा पुसला आणि चिंतामणींच्या मुलीनं, ऋजुतानं, पुढे केलेला मोबाइल पुन्हा वाचला. ‘रसोईदूत’ नावाच्या त्या ॲपवर आजच्या दुपारची नोंद होती. जेवण पोहोचलं. पिन जुळला. खाली पाच तारे, आणि त्याखाली हिंदीत आभार : चिंतामणी जी, आशा है आज का भोजन आपको पसंद आया.

“नानांचे दिवस शंतनूच्या घरी केले,” ऋजुता म्हणाली. “अस्थी नेमावरला नर्मदेत सोडल्या. हे घर त्या दिवसापासून बंद आहे. मग हे कोण खातंय, मावशी?”

जयवंतीबाई धारच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. ऋजुताच्या आईची त्यांच्याशी मैत्री होती. कोणाच्या घरात एखादी गोष्ट जुळेनाशी झाली, की लोक त्यांना बोलवायचे, कारण त्या कमी बोलत आणि ऐकलेलं विसरत नसत. ऋजुताचा फोन आला तशी सकाळची बस धरून, इंदूरला बदलून, त्या देवासला आल्या होत्या. टेकडीच्या पायथ्याची ही कॉलनी वैशाखात दुपारी अशी निपचित पडते की आपलीच चप्पल वाजली तरी दचकायला होतं.

ऋजुतानं सगळं सांगितलं. ती पुण्याला, नवरा आणि ती, दोघंच. आई गेल्यावर नाना एकटे. त्यांनी स्वयंपाक करू नये म्हणून वर्षापूर्वी तिनं या ॲपवर रोजच्या जेवणाचा प्लॅन घेतला. जेवणापेक्षा वरचे आकारच जड : पॅकिंगचा आकार, प्लॅटफॉर्मचा आकार, पाऊस पडला की पावसाचा, ऊन पडलं की उन्हाचा. तिनं कधी कुरकुर केली नाही. दुपारी ऑफिसात ‘जेवण पोहोचलं’ दिसलं की तिला घास गोड लागायचा. दोनदा जेवण परत गेलं तर ॲप तिला कळवणार होतं. एकदाही परत गेलं नाही.

आणि नाना गेले त्या दिवशी डॉक्टरांनी शंतनूला विचारलं, “वजन फार उतरलंय यांचं. खात नव्हते का?”

त्या एका प्रश्नानं ऋजुताची झोप उडाली होती. तेराव्यानंतर तिनं ॲप उघडलं आणि हे दिसलं. प्लॅन बंद करायला गेली, तर जेवणाऱ्याच्या मोबाइलवर आलेला पिन मागितला. जेवणारा वारला, असं तिनं लिहिलं. उत्तर आलं : असुविधा के लिए खेद है, कृपया चिंतामणी जी से पिन पूछकर बताएँ.

तो मोबाइल तिनंच नानांना घेऊन दिला होता. घरात तो सापडला नव्हता. नानांच्या खिशात निघाला तो त्यांचा जुना बटणांचा फोन. मुलीशी ते त्याच्यावरच बोलत.

“जेवण आणणारा एकच पोरगा आहे, अमन म्हणून,” ऋजुता म्हणाली. “वर्षभर माझ्या बापाच्या तोंडचा घास तो खात होता, आणि नाना उपाशी होते. मी तक्रार केली, ॲपनं त्याचा आयडी बंद केला. उद्या संध्याकाळी मी पोलिसात जाणार आहे.”

“उद्या संध्याकाळी जा,” जयवंतीबाई म्हणाल्या. “आधी मला घर दाखव.”

२

किल्ली शंतनूकडे होती. शंतनू नानांचा पुतण्या, औद्योगिक भागात एका कारखान्यात शिफ्टवर. त्यानं कुलूप काढलं आणि दाराबाहेरच उभा राहिला.

दिवाणखान्यात नानांचा एक फोटो होता, मागच्या संक्रांतीचा. ऐंशीला टेकलेला माणूस उसाचं कांडं दातांनी सोलत होता आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. सगळे दात स्वतःचे, ऋजुता म्हणाली. सुपारीसुद्धा अडकित्ता न घेता फोडायचे.

स्वयंपाकघरात हवा कोंडली होती. फळीवर पितळेची भांडी मांडलेली. वर्षानुवर्षं हात न लागलेली, काठाशी हिरवी पडलेली. जयवंतीबाई एकेक भांडं उजेडाकडे धरून बघत गेल्या. शेवटच्या लहान पातेल्यापाशी थांबल्या. ते आतून पांढरंशुभ्र होतं.

“याला कल्हई कधी केली?”

शंतनू दारातून म्हणाला, “होळीच्या आसपास. काकांनीच दिलं होतं. बोलले, एवढ्याच एकाला करून आण. मी नाही विचारलं कशाला.”

“स्वयंपाक न करणाऱ्या माणसाला कल्हई कशाला लागते?” जयवंतीबाईंनी हे स्वतःलाच विचारलं. पातेल्याच्या आतल्या काठाला एक पातळ सुकलेला पापुद्रा होता. त्यांनी नानांच्या औषधांच्या डब्यातून जखमेवर लावायचं आयोडीन काढलं, कापसाच्या बोळ्यानं एक थेंब त्या पापुद्र्यावर टेकवला. तपकिरी थेंब बघता बघता काळानिळा झाला.

“पिष्ट,” त्या म्हणाल्या. “भात शिजला होता यात. आणि अलीकडेच, नाहीतर झुरळांनी ठेवला नसता.”

ऋजुता भिंतीला टेकली. ते बंद घर, ती दुपार, आणि काळा पडलेला थेंब. तिनं विचारलं, नाना गेल्यावरही कोणी इथे येऊन शिजवत होतं का. जयवंतीबाईंनी गॅसच्या नळीवरची धूळ बोटानं पुसून दाखवली. नाही, नंतर नाही. आधी.

मग त्यांनी शंतनूला बसवलं आणि तो दिवस आठवायला लावला. तो म्हणाला, काका फोन उचलेनात म्हणून शिफ्ट सुटल्यावर आला. ते मोरीपाशी पडले होते. ताट घासून पालथं घातलेलं, अजून ओलं. तांब्या हाताशी. डबे, पिशव्या? त्यानं मान हलवली. ॲपवाल्याचा एकही डबा या घरात त्यानं कधी पाहिला नव्हता.

“सच्ची सांगतो मावशी, मला वाटायचं काका बाहेर फेकत असतील. सकाळी कधी आलो तर भाताचा वास यायचा. मी काय बोलणार? बोललो असतो तर ते बोलले असते, ये जेवायला, आणि मला ड्यूटीवर जायचं असायचं.” मग म्हणाला, “घर माझ्या नावावर व्हावं म्हणून मी काही केलं, असं ताईला वाटतंय. वाटू दे.”

ऋजुतानं नाही म्हटलं नाही.

जयवंतीबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, तोही वेगळाच. नाना कधी पुण्याला आले होते का?

“एकदा. दोन दिवस. पोट बिघडतं म्हणून स्वतःचा फराळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले होते. माझ्या हातचा चहासुद्धा नको म्हणाले.” ती कडवट हसली. “बघा, पोटाचे इतके नाजूक, आणि मी हॉटेलचं खायला घालत होते.”

जयवंतीबाईंनी पातेलं फळीवर परत ठेवलं ते फार हळू, जणू आत काही सांडेल.

३

अमन बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर बसला होता. आयडी बंद, म्हणून गाडी उभी, म्हणून हप्ता थकलेला. ऋजुताला बघून तो उठून उभा राहिला, आणि मग त्याला कळेना की नमस्कार करावा की नाही.

त्यानं सांगितलं ते त्याच्या माळवी हिंदीत, खाली बघत. पुढच्या दारी त्याला कधी जावं लागलंच नाही. ॲपवरच सूचना होती : मागच्या गल्लीत, पाटी टांगलेल्या फाटकावर. ती शाळेतली असते तशी दगडी पाटी. तिच्यावर खडूनं त्या दिवसाचा पिन लिहिलेला असायचा. तो पिन भरायचा, पिशवी खिळ्याला अडकवायची, निघायचं. बाबूजींना त्यानं सुरुवातीला दोनतीनदाच पाहिलं.

“आणि ते गेल्यावर?”

“मुझे किसने बताया, आंटी? पाटी टँगी थी, नंबर लिखा था. नया नंबर, रोज.” त्याचा आवाज खाली गेला. “तेरहवीं के बाद नुक्कड़ पे भिया बोले कि पोतनीस साब तो कब के चले गए. उस दिन मैं थैली टाँग के पलटा, तो पीछे से कुंडी खुलने की आवाज आई. मैंने मुड़ के नहीं देखा. गाड़ी भगा ली.”

कोणाची कुंडी, हे त्याला सांगता येईना. त्या गल्लीत सगळी फाटकं एकसारखी, एका रंगाची.

परतताना ऋजुता म्हणाली, गोष्ट चांगली रचलीय. जयवंतीबाई म्हणाल्या, खोटं बोलणारा माणूस आपण पळालो हे सांगत नाही.

नानांचं जेवण बनवून देणाऱ्या अजेयचं स्वयंपाकघर उड्डाणपुलापलीकडे, एका गाळ्यात. ॲपवर त्याच्या चार हॉटेलांची चार नावं होती, चार वेगळे फोटो, भट्टी एकच. नोकरीसाठी बाप खानदेशातून इथे आलेला, पोरगा इथलाच झालेला. तो घाम पुसत म्हणाला, “ॲपवाला आपला मोठा हिस्सा आधी कापतो, मावशी. ऑफर तो लावतो, पैसे माझे जातात. केस निघाला म्हणून गिऱ्हाइकानं फोटो टाकला की पूर्ण रिफंड माझ्या डोक्यावर. मग मी डाळीत पाणी नाही घालणार तर काय घालणार?”

पोतनिसांचं पार्सल त्याला चांगलं आठवत होतं. सुरुवातीला साधंच जायचं. मग होळीनंतर सोबत सूचना यायला लागली : पोळी नको, भात मऊ करा, भाजी घोटून द्या.

“मी पोरांना बोललो, बुढ्ढे दादाचे दात गेले वाटतं. तेव्हापासून वेगळं काढून घोटायला लावतो. त्याचे पैसे कोण देणार? पण जाऊ दे, रोज पाच तारे येतात त्यांचे. दुसरा कोण देतो?”

बाहेर पडल्यावर जयवंतीबाईंनी ऋजुताकडे पाहिलं. ऋजुताच्या डोळ्यांपुढेही तोच संक्रांतीचा फोटो आला असणार, कारण ती रस्त्यात उभी राहिली.

“नानांना तर सगळे दात होते,” ती म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी नानांच्या मागच्या खोलीत, अर्ध्या लोटलेल्या खिडकीमागे बसल्या. समोर अंगण, तुळस, मग फाटक. फाटकाबाहेर गल्लीचा एक तुकडा दिसत होता. जो येईल त्याला या तुकड्यातूनच जावं लागणार होतं. पुढच्या दाराला शंतनू होता.

ऊन असं होतं की सावल्या पायाखाली शिरल्या होत्या. कुठे पान हलेना. कावळासुद्धा बोलेना. शेजारच्या अक्कांच्या घरातून देवघरातली घंटा एकदा वाजली आणि थांबली. अक्का म्हणजे संस्थानच्या दिवाणांची नात. सगळी कॉलनी त्यांना वचकून असे. आमंत्रण असल्याखेरीज त्या कोणाच्या घरचं कुंकूही लावून घेत नसत.

ऋजुताच्या मोबाइलवर नकाशा उघडा होता. नव्या पोराची गाडी, एक लहानसा ठिपका, उड्डाणपुलावरून निघाली. बाजारात अडकली. सुटली. कॉलनीत वळली. गल्लीत गाडीचा आवाज आला, घुटमळला, आणि बंद झाला.

फाटकाबाहेरच्या तुकड्यात कोणी आलं नाही. कसलीही सावली पडली नाही. गाडी पुन्हा सुरू झाली आणि आवाज लांब गेला.

मग ऋजुताच्या हातातला मोबाइल थरथरला. जेवण पोहोचलं. पिन जुळला.

त्या दोघींच्या डोळ्यांदेखत, रिकाम्या फाटकापाशी. थोड्या वेळानं पाच तारे उमटले, एकेक करत, जणू कोणी मोजून देत होतं.

“नाना इथे आहेत,” ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “ते अजून भुकेले आहेत, मावशी.”

जयवंतीबाई मात्र अंगणात उतरल्या होत्या. त्यांनी फाटक उघडलं, बाहेर जाऊन त्याच्याकडे वळून पाहिलं आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

“इकडे ये. काय दिसतंय?”

ऋजुता आली. फाटक. खिळा. खिळ्याखाली रंगाचा एक चौकोन बाकीच्या फाटकापेक्षा गडद, ऊन न लागलेला.

“पाटी नाहीये,” ती म्हणाली.

“भुताला पाटी हलवावी लागत नाही. आपण घरात आलो हे ज्याला दिसलं, त्यानं ती हलवली. ही पोरं घराचा नंबर बघत नाहीत, पाटी बघतात. पाटी ज्या फाटकावर, ते पोतनिसांचं घर.” त्यांनी मान वळवून शेजारचं फाटक दाखवलं. तेही तसंच, त्याच रंगाचं. त्याच्या कडीला दोरीचा एक तुकडा अडकला होता, आणि खाली जमिनीवर खडूची ताजी पांढरी भुकटी पडली होती.

ते अक्कांचं फाटक होतं.

ऋजुता पुढे झाली. जयवंतीबाईंनी तिचा हात धरला. “तू घरात थांब. मला आधी एकटीला जाऊ दे.”

५

अक्का पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात न उघडलेली पिशवी, बाजूला पाटी, मांडीवर नानांचा मोबाइल. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. बोलताना त्यांचे गाल आत जात होते. तोंडात एकही दात नव्हता.

घरात चूल नव्हती. गॅसची शेगडी होती त्या जागी फक्त एक चौकोनी डाग उरला होता.

“शोधलंत तर,” त्या म्हणाल्या. “बसा.”

हळूहळू त्यांनी सांगितलं. डोळ्यांत मोतीबिंदू. मागल्या थंडीत पदर पेटला होता. मुलगा सार्थक इंदूरला. त्यानं घाबरून गॅस काढून नेला आणि घरून पोळीभाजी करून आणणारी बाई लावली. ती होळीच्या आधी सोडून गेली. हे मुलाला कळवलं तर तो हे घर विकून त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार, म्हणून त्यांनी कळवलं नाही. चार दिवस दूध-पोह्यांवर काढले. नानांना भिंतीपलीकडून कसं उमगलं कोण जाणे. ते एका दुपारी पिशवी घेऊन दारात उभे राहिले. त्याआधी ती पिशवी ते रोज टेकडीच्या पायऱ्यांवर नेऊन कोणा भुकेल्याला देत.

“आम्ही दिवाणांच्या घरातले. मी दार लावून घेतलं. तर बाहेरून म्हणाले, अक्का, हे परत गेलं तर ऋजूला कळेल. माझ्यावर उपकार करा आणि जेवा. उपकार माझ्यावर, असं म्हणाले. मग मोबाइल मजजवळ दिला, पिन पाटीवर उतरायला शिकवला. रोज पाच तारे दाबा म्हणाले, ते बघून पोर निवांत झोपते.”

“आणि ते गेल्यावर?”

“मोबाइल वाजत राहिला, अन्न येत राहिलं. दारी आलेलं अन्न मी कसं फिरवू? आणि त्यांनी सोपवलेलं काम होतं. तारे थांबले असते तर ऋजू विचारत आली असती, नानांनी का नाही खाल्लं.” त्यांनी पदरानं पाटी पुसली. “तेच तिला कळायला नको होतं.”

जयवंतीबाई म्हणाल्या, “पुण्याला ते स्वतःचं पाणी घेऊन गेले होते.”

अक्कांनी पाटी बाजूला ठेवली.

“पातेलं एकाच माणसाच्या भाताचं,” जयवंतीबाई पुढे म्हणाल्या. “मुलीच्या पैशाचा घास त्यांना चालत नव्हता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत माझ्या वडिलांनीही पाळली. पण माझ्यावेळी ती वर्षाच्या आत सुटली. ऋजुताला मूल नाही.”

“तीन वर्षं औषधं घेत होती पोर,” अक्का म्हणाल्या. “नाना म्हणायचे, हिला नको म्हटलं तर कारण विचारेल, आणि कारण सांगितलं तर ते तिच्या जखमेवर मीठ होईल. रीत मोडवत नव्हती, सांगवत नव्हतं. हात कापायचे, तरी भात-वरण स्वतःच शिजवत, तेही सकाळी एकदाच. रात्री पाणी.”

बाहेर टेकडीवरून घंटेचा एक लांबलेला नाद आला. अक्कांनी पदर सोडला आणि पहिल्यांदा सरळ पाहिलं.

“तुम्ही तिला सांगा, अक्कानं चोरलं. नानांच्या नकळत, वर्षभर. त्या गाडीवाल्या पोराचं नाव सुटेल. आश्रमात तर मी तशीही जाणार. माझं काय जातंय?”

जयवंतीबाई उठल्या तेव्हा त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

६

दोन घरांमधलं अंतर चार पावलांचं, पण ते चालायला त्यांना वेळ लागला. आयुष्यभर त्यांनी मुलांना एकच शिकवलं होतं : जे दिसलं ते लिहा, जे हवं होतं ते नाही. आणि आता जे दिसलं होतं, ते एका मुलीच्या काळजात घालायचं होतं. खोटं सांगितलं तर तिला एक चोर मिळाला असता, आणि बाप उपाशी मारला गेला हे जन्मभरासाठी. खरं सांगितलं तर चोर नव्हता. पण बाप अर्धपोटी का राहिला, हे होतं.

त्यांनी खरं सांगितलं. कमी शब्दांत, एकामागून एक, जसं घडलं तसं.

ऋजुता ऐकत राहिली. शेवटाला आल्यावर तिनं आजीच्या तोंडचं वाक्य, आजीच्याच सुरात, सपाट म्हणून दाखवलं : “लेकीच्या पोटी नातवंड येईस्तोवर तिच्या उंबऱ्यात पाणी नको.” मग म्हणाली, “मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, खड्ड्यात गेली तुमची रीत.”

“म्हणूनच सांगितलं नसेल.”

“त्यांना वाटलं मी मोडून पडेन. आणि मी रोज ते तारे बघून जेवत होते.” तिचा चेहरा रागानं पांढरा पडला होता; तो राग कोणावर हे तिलाही ठरवता येत नव्हतं. “कुठल्या बापाला अशी दया येते, मावशी? उपाशी राहायची दया.”

मग तिनं विचारलं, आणि हा तोच प्रश्न होता ज्यासाठी तिनं त्यांना धारहून बोलावलं होतं.

“शेवटच्या दिवशी तरी जेवले होते का?”

“वर्षभर ते अर्धपोटी होते. ते मी झाकणार नाही. पण त्या दिवशी जेवले होते. जेवल्याशिवाय कोणी ताट घासत नाही. शंतनू आला तेव्हा ते पालथं होतं, ओलं होतं. स्वतःच्या हातचा भात खाऊन, ताट घासून, मग गेले.”

ऋजुतानं तोंड दोन्ही हातांत धरलं. दाराशी उभा असलेला शंतनू आत आला आणि काही न बोलता तिच्याजवळ जमिनीवर बसला. ती त्याला म्हणाली, कालपर्यंत मी तुझ्याबद्दल वाईट धरून होते. तो म्हणाला, माहितीय ताई.

संध्याकाळी ती पोलिसात गेली नाही. अक्कांनी भिंतीवरून मोबाइल दिला तेव्हा त्यावर आलेला पिन भरून ॲपवरची तक्रार तिनं मागे घेतली. अमनला फोन करून माफी मागितली. कोणी आपली माफी मागेल असं त्याला वाटलं नव्हतं, त्यामुळे तो बराच वेळ ‘कोई बात नहीं’ एवढंच म्हणत राहिला. ॲप म्हणालं, आयडी सुरू होण्यास काही दिवस लागू शकतात, असुविधा के लिए खेद है. शंतनूनं आपल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तोवर काही काम मिळतं का बघतो म्हटलं.

मग ऋजुता अक्कांच्या दारात जाऊन उभी राहिली. आत पिशवी तशीच होती.

अक्का म्हणाल्या, “ने बाई. आज घास उतरला नाही. आता तुला कळलं, आता मी कशी खाऊ? तुझं अन्न आहे.”

“माझं नाही. मी नानांना दिलं, नानांनी तुम्हाला दिलं. आता ते तुमचं आहे.” ती उंबरा ओलांडून आत आली, पाट ओढला आणि त्यांच्यासमोर बसली. “सार्थकदादाशी मी बोलेन, भांडेनही. ते उद्या. आत्ता मला भूक लागलीय, अक्का. सकाळपासून काही खाल्लं नाही. तुमच्या घरी जेवायला मला कुठली रीत आडवी येत नाही.”

अक्का हात टेकत उठल्या, चाचपडत दोन ताटं काढली, पदरानं पुसली. मऊ भात, घोटलेली भाजी, वरण. सगळं गार झालेलं. त्यांनी तिला आधी वाढलं. जयवंतीबाई दारातच थांबल्या, आत गेल्या नाहीत.

वर्षभर रोज मागवलेलं ते जेवण ऋजुता पहिल्यांदाच चाखत होती. तिनं भात कालवला, घास घेतला, आणि थांबली.

“वरणात मीठच नाही,” ती म्हणाली.

“रोजच नसतं,” अक्का म्हणाल्या, आणि मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली.